मूल होत नाही? पहिल्या फेरीतच नवऱ्यालाही सोबत न्या

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखान्यात नेलं जातं. सोबत सासू, नाहीतर नणंद. नवरा कामावर! भाईंदरजवळचं मुर्धा असो की शहापूर-मुरबाडचा पाडा, चित्र फारसं वेगळं नाही.

वर्षभर गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं; कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. तरीही सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, औषधं हे सगळं आधी तिच्याच वाट्याला येतं. नवऱ्याची तपासणी त्या मानाने स्वस्त, सुईसुद्धा टोचत नाही.

हे गावात पहिलं सांगू शकते ती आशाताई. पण २००५ पासूनच्या या योजनेत तिचा भर गरोदर माता, बाळंतपण, लसीकरण यांवर. शिवाय ती त्याच गावची सून. नात्यातल्या दिराला 'वीर्य तपासून घ्या' म्हणणार कशी? अडचण खरी आहे. अशा वेळी पुरुष आरोग्यसेवकाने बोलावं, किंवा डॉक्टरांनीच पहिल्या चिठ्ठीवर दोघांच्या तपासण्या लिहाव्यात.

दुसरी गोष्ट गैरसमजाची, आणि तो काही कर्मचाऱ्यांतही असतो: संबंध नीट होतात, म्हणजे पुरुषात दोष नाही. मर्दानगी वेगळी, शुक्राणू वेगळे. ते मोजायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

तपासणीआधी २ ते ७ दिवस वीर्यपात नको. नमुना घरून नेलात तर तासाभरात, अंगाच्या उबेत लॅबला पोचवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलीलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू, त्यांतले ४२ टक्के हलणारे, अशी आहे. आकडा कमी आला म्हणून लगेच हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात; मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तरी संख्या घटते. म्हणून तपासणी पुन्हा करतात.

तंबाखू, दारू, अंडकोषाला सतत लागणारी उष्णता, तिथल्या फुगलेल्या शिरा ही काही कारणं. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनी तर सावध राहावं: त्याने दंड भरतात, शुक्राणू मात्र कमी होतात.

रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले तरी युरॉलॉजिस्टला दाखवा. कधी नुसता वाटेत अडथळा असतो, त्यावर उपाय आहेत. मुर्ध्याहून भाईंदर स्टेशन गाठून लोकलने प्रभादेवीला उतरलं की परळचं केईएम जवळच आहे. आणि रिपोर्ट त्या दोघांचा. तो कट्ट्यावर पोचवू नका, आशाताईंनीही नाही.