फळ्यावरचं सर्किट मोबाइलवर कसं आलं

सातपुड्यातल्या धडगावच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला असलेला मुलगा किंवा नंदुरबारच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमा करणारी मुलगी सुट्टीत पाड्यावर गेली, की सर्किटचा अभ्यास मोबाइलवरच व्हायचा. रेंज असेल तिथे व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि घरी बसून पाहायचा. अशा व्हिडिओत शिकवणारा पुष्कळदा दिसतही नाही. दिसतो तो कागद, पेन आणि आकृती काढणारा हात. या हाताचा माग काढत गेलं, तर तो आपल्याला शे-सव्वाशे वर्षांहून मागे नेतो.

किरखॉफने 1845 मध्ये सर्किटचे आपले नियम मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गला शिकत होता, वय 21. पण सर्किट सोडवायला शिकवण्याची खरी निकड आली ती तारखात्यात. लिऑन शार्ल थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता. 1882 मध्ये त्याच्याकडे खात्यातल्या निरीक्षकांना शिकवण्याचं काम आलं आणि 1883 मध्ये त्याने आपला सिद्धांत छापला. तोच विचार हेल्महोल्ट्झने 1853 मध्ये सजीवांच्या शरीरातल्या विजेचा अभ्यास करताना मांडला होता, थेवेनिनला मात्र त्याची कल्पना नव्हती. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की आज डिप्लोमाच्या पेपरात हमखास येणारा हा सिद्धांत वर्गात शिकवता शिकवता घडला. समोर बसलेली माणसं कामावरची होती, त्यांना सोपी रीत हवी होती.

ही रीत डोळ्यांनी पाहावीच लागते. 24 व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्या पुढे 6 ओहमचा रेझिस्टन्स, मग बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला 12 ओहमचा, आणि त्या सांध्यापासून 4 ओहममधून जाऊन शेवटी लोड. पहिल्यांदा लोड काढून टाकायचा. टोकं उघडी, म्हणून 4 ओहममधून करंट नाही. 12 ओहमवर जितका व्होल्टेज तितकाच टोकांवर, म्हणजे 16 व्होल्ट. आता आकृती पुन्हा काढायची, बॅटरीच्या जागी सरळ तार. 6 आणि 12 समांतर झाले, त्यांचे 4, त्यात पुढचे 4 मिळवून 8 ओहम. तिसरी आकृती: अख्ख्या सर्किटच्या जागी 16 व्होल्टची एक बॅटरी, 8 ओहमचा एक रेझिस्टन्स, बस्स. लोड 8 ओहमचा असेल तर करंट 1 अँपिअर.

पुस्तकात पहिली आकृती असते आणि शेवटची असते. मधल्या आकृत्या जागेअभावी गाळल्या जातात, आणि विद्यार्थी अडकतो तो नेमका तिथेच. बॅटरी कधी पुसली, तार कुठून कुठे ओढली, कोणता सांधा सरकवला, हा क्रम फक्त फळ्यावर दिसतो. व्हिडिओने सर्किटच्या अभ्यासाला काय दिलं, तर हा क्रम जपून ठेवला.

जपून ठेवायला वेळ लागला. 1975-76 मध्ये उपग्रहावरून 2,400 गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला, पण त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. 1984 मध्ये पुण्यात शाळकरी मुलांसाठी बालचित्रवाणी आली, त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. ते चांगले होते, पण सर्किटसाठी टीव्हीचा उपयोग बेताचाच. ठरल्या वेळी लागणार, एकदाच दिसणार, आणि तिसरी आकृती समजेपर्यंत चौथी पुढे गेलेली असणार.

2003 च्या जानेवारीत दोन गोष्टी घडल्या. 26 जानेवारीला आयआयटीतली व्याख्यानं दाखवणारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिला नाव दिलं एकलव्य. भिल्ल ज्याला आपला मानतात, त्याचं हे नाव सातपुड्यात उच्चारताना गुरूने नाकारलेला विद्यार्थीच आधी आठवतो, आणि आठवायलाच हवा. त्याच महिन्यात धडगाव तालुक्यातल्या बिलगावात उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते आणि गावकऱ्यांचं श्रमदान यातून ते उभं राहिलं. टर्बाइन, जनरेटर, पाड्यांकडे जाणाऱ्या तारा: बिलगावकरांसमोर अख्खं सर्किट कार्यशाळेत मांडावं तसं उभं होतं. 2004 च्या ‘स्वदेस’ या चित्रपटाला प्रेरणा या केंद्राची, असं मानलं जातं. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते बुडालं. हाताने शिकायची ती सोय गेली, याचं दुःख मला आजही वाटतं.

आयआयटींची व्याख्यानं पुढे एनपीटेल या उपक्रमातून यूट्यूबवर आली. त्यात आयआयटी दिल्लीच्या प्रा. एस. सी. दत्ता रॉय यांची ‘सर्किट थिअरी’ ही मालिका आहे. पण इथे चित्रापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मिळाली: थांबवण्याचं बटण. तारखात्यातल्या निरीक्षकाला गुरुजींना थांबवायला संकोच वाटला असेल. मोबाइलवर दहादा मागे गेलं तरी कुणी त्रासत नाही.

5 मार्च 2012 ला एमआयटीने जगभरातल्या कुणालाही फुकट नाव नोंदवून शिकता येईल असा आपला पहिला ऑनलाइन कोर्स उघडला, तो सर्किटचाच. अनंत अगरवाल शिकवत होते. दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, पास झाले सुमारे 7,000. व्हिडिओ समोर ठेवला म्हणजे शिकवून झालं, असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पास झालेल्यांत जबलपूरचा अमोल भावे हा शाळकरी मुलगा होता. पुढचा कोर्स एमआयटीने काढला नव्हता, म्हणून त्याने जोडीदार घेऊन तो स्वतःच तयार केला आणि नंतर एमआयटीत प्रवेश मिळवला. एमआयटीच्या त्या सर्किटच्या कोर्सची खरी ताकद व्याख्यानांइतकीच पडद्यावर सर्किट जोडून पाहण्याच्या सोयीत होती.

ती सोय आपल्याकडे आयआयटी मुंबईने दिली. सर्किट काढून तपासण्यासाठी तिथे ई-सिम नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं, आणि प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांचे धडे बनवून त्यांतले बरेच मराठीसह इतर भाषांत उपलब्ध केले. हे धडे इंटरनेटशिवायही चालावेत, शेजारी दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडून एकेक पायरी करत जावी, असा त्यांचा बेत. घाटापलीकडच्या तालुक्यासाठी याहून योग्य रचना मला माहीत नाही.

धडगावात मात्र घरात पावरी किंवा भिली, वर्गात मराठी, व्हिडिओत हिंदी नाहीतर इंग्रजी. करंट, व्होल्टेज, फेज हे शब्द सगळीकडे तेच, त्यामुळे आकृती कळते. ‘बॅटरी शॉर्ट का केली’ हे कारण निसटतं. ते समजावणारा आवाज पावरीत हवा आणि तो काढू शकतील ती याच तालुक्यातली, आयटीआय आणि डिप्लोमा करून बाहेर पडणारी मुलं. वरचं 24 व्होल्टचं सर्किट ओहमऐवजी तितक्याच किलोओहमचे रेझिस्टन्स घेऊन ब्रेडबोर्डवर जोडायचं, मल्टीमीटरची टोकं लावून 16 व्होल्ट दाखवायचे, आणि मोबाइल स्टँडवर ठेवून चित्रीकरण करायचं. आयटीआयच्या टेबलावर हे एका दुपारचं काम आहे.