खुब्याचे ऑपरेशन आणि बुरसलेली वैरण

नवी मुंबईच्या इस्पितळांत आजीबाईंचा झिजलेला खुबा आता बदलून मिळतो. पण ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी धरली अन् फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतते. यावरचे एक औषध गोठ्यातून आले, बरं का! 1933 साली अमेरिकेतला विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून प्रा. लिंक यांच्याकडे आला; सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त आणि लसूणघासासारखी बुरसलेली वैरण. त्या वैरणीतले द्रव्य 1939 साली हाती लागले. त्याच्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदीर मारायला विकले गेले, मग माणसाला तारू लागले. आता शोध आहे तो सौम्य औषधाचा. 2018 च्या कॅनडातील चाचणीत पाच दिवस नवी गोळी दिल्यावर पुढे साधे ॲस्पिरिनही तितकेच उपयोगी पडले.