कल्याणची लेक आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा

आमच्या शेणव्याला पौषात थंडी पडते. निदान आम्ही तरी तसे म्हणतो. पहाटे दारापुढे शेकोटी पेटते, म्हातारी माणसे घोंगडी गुंडाळून हात शेकत बसतात, आणि दिवस कासराभर वर आला की शेकोटीची आठवणही कुणाला राहत नाही. मुरबाडचा रस्ता ज्या कल्याणला जाऊन मिळतो, तिथलीही थंडी अशीच लाडिक. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच लग्नानंतरच्या आनंदीबाई, वैद्यक शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेस गेल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता सोडले तेव्हा त्यांचे वय होते अवघे अठरा. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्या वर्षीच फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या.

आमचे गाव विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर, तर फिलाडेल्फिया चाळीसवर. तिथे बर्फ पडतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण बर्फापेक्षाही कपटी असतो तो गोठता पाऊस. जमिनीलगतची हवा गोठलेली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असला, की वरून निघालेला हिमकण वाटेत वितळून पाणी होतो, आणि ते पाणी दगडाला, फांदीला, तारेला लागताच काच होऊन बसते. आपल्याकडच्या गारा आकाशातच गोठतात आणि घटकाभरात विरघळून जातात. हा पाऊस पाणी म्हणून उतरतो आणि पायाखाली गोठतो. रस्ता ओला दिसतो, प्रत्यक्षात तो निसरडा आरसा असतो. म्हणून त्या काळी रस्त्यांवर राख नि वाळू पसरीत आणि घोड्यांच्या नालांना टोकदार खिळे ठोकीत.

अशा देशात आनंदीबाईंनी आपला पोशाख सोडला नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. थंडीला त्यांनी दिलेली सूट एवढीच. शाकाहारही सुटला नाही. राहायच्या खोलीतली शेगडी धुराने खोली भरून टाकी. धूर सोसावा की थंडी, एवढीच काय ती निवड! असे तीन हिवाळे काढून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

पुढे मार्च १८८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रचंड हिमवादळ झाले. न्यूयॉर्कमध्ये सुमारे २१ इंच बर्फ पडला, आगगाड्या अडकल्या, तारा तुटल्या, चारशेहून अधिक माणसे दगावली. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई मात्र नव्हत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूक झालेली असतानाच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला होता.

क्षय थंडीने होत नाही. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता. परंतु थंडी, धूर आणि अपुरे अन्न यांनी खंगलेल्या देहात तो जंतू सहज घर करतो. वादळाची नोंद वर्तमानपत्रे घेतात. माणूस ज्या रोजच्या गारठ्यात तिळातिळाने झिजतो, त्याची नोंद कोण घेणार? एखाद्या रात्रीच्या वादळाला तोंड देणे सोपे म्हणता येणार नाही. पण तीन वर्षे दररोज सकाळी उठून त्याच थंडीत अभ्यासाला बसणे, हे धैर्य मला अधिक मोठे वाटते.

ज्यांना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणत, त्या मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पुढे त्यांची रक्षा पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे, आणि दर हिवाळ्यात तिच्यावर बर्फ साचतो. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून कढत पाणी अंगावर घेताना आपल्याला हुडहुडी भरते. त्या क्षणी कल्याणच्या या लेकीचीही आठवण व्हावी, इतकेच.