राख ओढली, धूळ कुठे गेली?

चुलीतली राख भरण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हलका हबका मारायचा, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होते. तीच कोरडी राख व्हॅक्युम क्लीनरने ओढली, तर यंत्राच्या मागून बारीक धूळ खोलीभर पसरते. असे का व्हावे?

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारे यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसत होती. बूथने खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली, तेव्हा रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला, असे सांगतात. ओढणे आणि गाळणे या जोडीतून त्याचे यंत्र जन्मले. मात्र राखेचे अतिबारीक कण कापडातूनही निसटतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात.

कारखान्यांच्या धुराड्यांपुढेही हीच अडचण होती. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कणांना विद्युतभार देऊन ते धातूच्या पत्र्यांकडे खेचण्याची रीत व्यवहारात आणली. नाशिकजवळ एकलहरे येथे १९७० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आपल्या कोळशात बहुधा शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते. अशा केंद्रांत धुरातली राख याच रीतीने पकडतात आणि तिच्यातली काही पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. म्हणजे शेवटी पुन्हा पाणीच!

राख ओढणे सोपे, हवेपासून तिला वेगळे करणे अवघड. वर्गात कोरड्या केसांवर घासलेला कंगवा थंड राखेजवळ धरून पाहा.