आयत्या वेळचे स्वयंसेवक

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या मंडळाच्या मिरवणुकीत सहा वर्षांची एक मुलगी चाळीस मिनिटे सापडत नव्हती. आईला वाटले ती काकूकडे आहे, काकूला वाटले ट्रॅक्टरवर बसली असेल, आणि आम्ही कार्यकारिणीचे अकरा जण, छातीला बिल्ले लावलेले, प्रत्येकाला वाटत होते की लहान मुलांकडे दुसरा कोणीतरी बघतो आहे. मुलगी शोधून काढली ती दहावीतल्या एका मुलीने. पोरगी फटाक्यांना भिते हे तिला ठाऊक होते. ती आवाजाच्या उलट दिशेच्या बोळात शिरली, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर कानांत बोटे घालून बसलेली ती सहा वर्षांची मुलगी तिला सापडली.

त्यानंतरच्या बैठकीत ठराव झाला, 'पुढील वर्षी स्वयंसेवक वाढवावेत.' कुठून वाढवायचे हे ठरावात नव्हते. पोरे बारावी झाली की पुणे नाहीतर बेंगळुरू गाठतात. उरलेल्यांना आपण पावतीपुस्तक देतो, खुर्च्या उचलायला लावतो आणि विसर्जनाच्या दिवशी दोरी धरायला सांगतो. आम्ही पेशाने सिव्हिलचे डिप्लोमावाले, सरकारी नोकर. इतिहास हा आमचा प्रांत नव्हे. पण या ठरावाने आम्हांला थोडे वाचायला भाग पाडले. वाचता वाचता लक्षात आले की हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी फार मोठ्या लोकांना आली होती, आणि तिच्यावरचा उपाय काही अंशी आपल्याच गावात करून पाहिला गेला होता.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष झालेले ते एकमेव अधिवेशन. शताब्दीच्या वेळी शहरभर रोषणाई झाली, भाषणे झाली. गंगाधरराव देशपांडे यांचे नाव सर्वांनी घेतले, आणि ते घेतलेच पाहिजे. पण हजारो माणसे राहणार, जेवणार, शौचाला जाणार, वाट चुकणार, आजारी पडणार, त्यांच्याकडे पाहिले कोणी? त्या काळी अधिवेशन जवळ आले की गावातल्या कॉलेजची पोरे गोळा करायची, छातीला फीत लावायची आणि व्यासपीठाभोवती उभी करायची, अशी रीत होती. म्हणजे आपण आज करतो तेच.

ही रीत ज्यांना पटत नव्हती त्यांच्यात पहिले नाव हुबळीच्या डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकरांचे. जन्म धारवाडचा, १८८९ चा. वैद्यकी कलकत्त्यात शिकले, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि तिथेच लाला लजपतरायांच्या हाताखाली होमरूलचे काम केले. परत आल्यावर हुबळीत सेवा मंडळ काढले. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगाचा जाच सोसेना म्हणून कित्येकांनी माफी लिहून दिली. हुबळीच्या तुकडीने दिली नाही. हे का घडले, याची चर्चा मोठ्या पुढाऱ्यांत झाली. हर्डीकरांचे उत्तर सरळ होते, ही पोरे आधीपासून तयार केलेली आहेत. त्या वर्षअखेरीस काकिनाडा अधिवेशनात अखिल भारतीय पथकाची कल्पना मान्य झाली. तेच हिंदुस्थानी सेवा दल. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कवायत, शिस्त, गणवेश हे अहिंसेत बसते का, म्हणून कुरकूर करणारेही होते.

आणि वर्षभरातच बेळगाव. स्वयंसेवकांची बांधणी हर्डीकरांकडे. स्त्री-स्वयंसेविकांची जबाबदारी उमाबाई कुंदापूर यांच्याकडे. त्या काळात घराघरांतून बायकांना, त्यांतही विधवांना, बाहेर काढून शिबिरात उभे करणे हे काम किती अवघड असेल याचा अंदाज आपल्या आज्यांच्या गोष्टींवरून करावा. सफाई काकासाहेब कालेलकरांकडे होती आणि त्यांच्या हाताखाली उच्चवर्णीय घरांतली तरुण मुले संडास साफ करत होती. आम्ही पाणी आणि मलनिस्सारण याच विषयात नोकरी करतो, त्यामुळे अधिवेशनातल्या ठरावांपेक्षा आम्हांला ही गोष्ट मोठी वाटते. काम वाटून दिलेले होते आणि प्रत्येक कामावर एक नाव होते. आमच्या अकरा बिल्ल्यांवर नेमके तेच नव्हते.

पुढे हर्डीकरांनी 'व्हॉलंटियर' नावाचे मासिक चालवले, शिबिरे घेतली. १९३१ साली काँग्रेसने सेवा दल आपल्या अखत्यारीत घेतले आणि १९३२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. गोकाक तालुक्यातल्या घटप्रभेचे कर्नाटक आरोग्य धाम आपल्याला दवाखाना म्हणून माहीत आहे. त्याच्या उभारणीतही हर्डीकर होते. १९७५ साली ते वारले.

आता थोडे मागे जाऊ. लहानांना लहानांनीच सांभाळायचे, ही युक्ती मूळची स्काउटची. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी नावाच्या बेटावर विसेक मुलांचे शिबिर घेतले. काही मुले बड्या घरची, महागड्या शाळांतली; काही कामकरी घरांतली. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीवर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. मोठ्या माणसाने हुकूम नायकाला सांगायचा, बाकीच्यांना नाही. सगळी खुबी एवढ्यातच आहे. हिंदुस्थानात सुरुवातीला देशी मुलांना त्या चळवळीत घेत नसत. म्हणून १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासला वेगळी संघटना काढली, तर अलाहाबादेत मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संस्था उभी केली. जत्रेच्या गर्दीत चुकलेली माणसे शोधणे हे त्यांच्या मुलांचे नेहमीचे काम. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाने हे सगळे प्रवाह एकत्र येऊ लागले.

आम्ही स्वतः नववीत संघनायक होतो. पहिल्याच शिबिरात सात पोरांना सात हुकूम सोडले आणि स्वतः शिट्टी गळ्यात घालून हिंडत राहिलो. भात करपला. आमच्या सरांना तो करपताना दिसत होता. ते उठले नाहीत. सगळ्यांबरोबर तोच भात मुकाट्याने जेवले आणि रात्री एवढेच विचारले, 'चुलीजवळ कोण होते?' कोणीच नव्हते. सरांचे ते न उठणे किती अवघड असते ते आम्हांला चाळिशी ओलांडल्यावर, मंडळात पद मिळाल्यावर कळले.

आपल्या मराठी मुलखात या पद्धतीला खरा बहर आला तो राष्ट्र सेवा दलात. ४ जून १९४१ रोजी पुण्यात त्याची बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख. (तेव्हा पुण्यात संघाच्या शाखाही जोरात होत्या. आपल्या मंडळात दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून हा विषय इथेच थांबवतो.) शाखा संध्याकाळची, खेळ, लेझीम, गाणी, बौद्धिक. शाखानायक बहुधा शाळा-कॉलेजातलाच पोरगा किंवा पोरगी. पोरगी हे मुद्दाम लिहिले, कारण मुलामुलींची शाखा एकत्र भरणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. दल स्थापन होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले आणि बेचाळीसचा लढा पेटला. मोठे तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले. स्वतः एस. एम. दाढी वाढवून 'इमाम अली' नावाने वावरत होते. मार्गदर्शक गायब असताना ज्यांनी काम पुढे नेले त्यांत ही शाखांत तयार झालेली मुले होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे महिन्यात उपोषण केले. त्या दौऱ्यात दलाची मुले गाणी म्हणत गावोगाव फिरली. मृणाल गोरे यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले ते दलाच्या कामासाठी. निळू फुले हेही पुण्याच्या दलातले. पडद्यावरच्या त्या दुष्ट पाटलाने तरुणपणी माळीकाम करून पोट भरले आणि कलापथकात काम केले. पु. ल. देशपांडे यांनी कलापथकासाठी लिहिलेल्या लोकनाट्याचे नावच 'पुढारी पाहिजे'. आमच्या ठरावाला हे नाव शोभले असते.

१८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. गोरे हे दलातल्या वडीलधाऱ्यांपैकी. त्या वर्षभर सत्याग्रहींचे जथे ज्या गावांतून पुढे जात होते त्यांत बेळगाव होते. आपल्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांत 'आमच्याकडे सत्याग्रही उतरले होते' असे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी अशी आठवण असेल त्यांनी ती लिहून मंडळाकडे द्यावी, ही विनंती.

हे सगळे वाचून आम्ही यंदा कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवला. नववी ते बारावीची सहा मुले-मुली निवडायची. प्रत्येकाकडे सात-आठ लहान मुले द्यायची. मे महिन्यापासून दर रविवारी दोन तास. आरती, गोष्टी, प्रथमोपचार, गर्दीत कसे चालायचे, हरवले तर कुठे थांबायचे. हिशेबही त्यांचा त्यांनी ठेवायचा. खजिनदारांनी पैशाला हरकत घेतली, 'पोरांच्या हातात रोख रक्कम कशाला?' तासभर वाद झाला. शेवटी आठशे रुपये दिले. जुलैत हिशेब आला, त्यात चाळीस रुपये कमी होते. बारावीतल्या मुलाने कारण लिहिले होते, 'पावती हरवली, चूक माझी.' आमच्या कार्यकारिणीच्या हिशेबात असे वाक्य आम्ही आजवर पाहिलेले नाही.

सगळे गोड आहे असे नाही. एक मुलगा क्लासमुळे सुटला. एका मुलीला रविवारी पाठवायला घरचे तयार नव्हते; दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसावे लागले. आणि मधे पडून सगळे स्वतः करून टाकण्याची आम्हा मोठ्यांची खोड जात नाही. एकदा तर मुलांनी आखलेला खेळ अध्यक्षांनी मधेच बदलला आणि सगळी पोरे गप्प झाली.

गेल्या वर्षी त्या मुलीला शोधणारी दहावीतली मुलगी आता अकरावीत आहे. तिने शंभर पानी वही केली आहे. तिच्या गटातल्या प्रत्येक मुलाचे नाव, घर, आईचा फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात कोण कशाला भिते ते: ढोल, अंधार, कुत्रा, फटाके. यंदा विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडे निघताना लहान मुलांनी मिरवणुकीत कुठे चालायचे, हे ती वही पाहून ठरणार आहे. वही मंडळाच्या कपाटात असते. किल्ली तिच्याकडे आहे.