मैदानाच्या मधोमध

भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीच्या कुंडातल्या गरम पाण्यात तुम्ही पाय सोडता. पलीकडे तानसा नदी वाहते आहे. डोळे मिटता, उघडता, आणि समोर 2013 च्या फेब्रुवारीतली मुंबई. महिलांचा विश्वचषक चालू आहे, पण वानखेडेवर नाही. ते मैदान पुरुषांच्या रणजी अंतिम सामन्याला देऊन टाकलं गेलं, आणि बायकांची पाठवणी ब्रेबॉर्न आणि वांद्र्याच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गुणलेखकांच्या टेबलापाशी बसा. शेजारी नवी मुंबईची वृंदा राठी, मुंबई विद्यापीठाची मध्यमगती गोलंदाज. खेळणं मागे पडलंय, आता ती चेंडूचेंडूची नोंद करते. पण तिची नजर पुन्हा पुन्हा न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांच्याकडे जाते. तिची पुढची वाट इथे सुरू होते.

मधली वर्षं भराभर ओलांडा: पंचांच्या परीक्षा, स्थानिक सामने, 2020 मध्ये आयसीसीच्या डेव्हलपमेंट पॅनेलवर नाव. आता 10 जानेवारी 2023, गोव्यातलं पर्वरी. गोवा विरुद्ध पुदुच्चेरी, रणजी करंडक. इथे मात्र थांबा.

पंच म्हणून उतरलेल्या वृंदाच्या जागी तुम्ही उभे आहात. दिवसाला 90 षटकं, असे चार दिवस. नजर आधी गोलंदाजाच्या पुढच्या पावलावर, निमिषात समोरच्या यष्ट्यांवर. चेंडू पॅडवर आदळतो आणि सगळा संघ ओरडतो. टप्पा कुठे पडला? आधी बॅटची कड लागली का? यष्टीवर गेला असता? एका श्वासात ठरवायचं, आणि दाद मागायला डीआरएस, म्हणजे कॅमेऱ्यावरची फेरतपासणी, नाही. स्वतः धावत येऊन चेंडू टाकलेल्या माणसाला गोलंदाजाचं पाऊल वाचता येतं. खेळाडूची ही कमाई पंचगिरीत वाया जात नाही, उलट तिथेच ती खरी कसाला लागते, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच दिवशी सुरतेत एन. जननी आणि जमशेदपुरात गायत्री वेणुगोपालन रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या होत्या. ज्या रणजीसाठी बायकांना वानखेडे सोडावं लागलं, त्याच रणजीत दहा वर्षांनी तिघी पंच. स्पर्धा 1934 ची. मैदानी पंच म्हणून बाई यायला 88 वर्षं लागली.

आता कुंडापाशी परत या. इथे भिवंडी तालुक्यात टेनिस बॉलची स्पर्धा भरवत असाल, तर पंचांची नावं ठरवताना खेळलेल्या मुलींना आधी विचारा.