पाण्याचे गाव : जावा बेटावरील पोंगोकची कहाणी

इतिहासाच्या तासाला नववीतील एका मुलाने एकदा मला विचारले, "सर, राजाला इतिहास असतो, किल्ल्याला असतो. मग आमच्या गावाला इतिहास असतो का?" वर्ग हसला. मी मात्र क्षणभर गप्प झालो. पाठ्यपुस्तकात गाव येते ते लढाईच्या वाटेवर किंवा दुष्काळाच्या प्रकरणात. पण गावाची जमीन कोणाची होती, पाणी कोण पीत होते आणि शेतसारा कोणाच्या पेटीत जात होता, हाही इतिहासच आहे. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मला दूरच्या एका बेटावरील लहानशा खेड्याच्या हकीकतीत सापडले. पालकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ती हकीकत ठेवण्यासाठी हा लेख.

हे गाव इंडोनेशियात, जावा बेटावर आहे. त्याचे नाव पोंगोक. जावा बेटाचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. पण 2020 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या 15 कोटींवर गेलेली होती. इतक्या दाटीत जमिनीचा प्रत्येक तुकडा आणि पाण्याचा प्रत्येक पाट मोलाचा. योग्यकार्ता आणि सुराकार्ता या दोन जुन्या राजनगरांच्या मध्ये क्लातेन नावाचा जिल्हा आहे. त्याच्या पोलानहार्जो तालुक्यात, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यात हे गाव वसले आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. मेरापीवर पडलेला पाऊस राखेच्या आणि खडकांच्या थरांतून झिरपत खाली येतो आणि या पट्ट्यात झऱ्यांच्या रूपाने वर येतो. अशा झऱ्याला जावानीज भाषेत 'उंबुल' म्हणतात. पोंगोकच्या शिवारात असे अनेक उंबुल आहेत.

आता शब्दांची थोडी गंमत पाहा. तेथे गावाला 'देसा' म्हणतात. तो आपलाच 'देश'. पाण्याला प्रौढ भाषेत 'तीर्ता' म्हणतात. ते आपले 'तीर्थ'. आणि गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याला 'मुशावरा' म्हणतात; तो आपल्या घरातला 'मशवरा'. एकाच बैठकीत संस्कृत आणि अरबी शब्द शेजारी शेजारी बसतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. या गावापासून फार दूर नसलेले प्रंबानानचे नवव्या शतकातील शिवमंदिर आजही उभे आहे, आणि आसपासच्या गावागावांतून पाच वेळा अजानही होते.

गाव म्हणजे उत्पन्नाचा आकडा

सतराव्या शतकात मध्य जावावर माताराम सल्तनतीचा अंमल होता. 1755 च्या गियांती कराराने त्या राज्याचे दोन तुकडे झाले : सुराकार्ता आणि योग्यकार्ता. क्लातेनचा बराचसा मुलूख सुराकार्ताच्या वाट्याला गेला. दरबार आपल्या सरदारांना आणि आप्तांना पगाराऐवजी गावे तोडून देत असे. सरदार राजवाड्यापाशी राहात आणि गावात त्यांचा 'बेकेल' नावाचा वसुली करणारा माणूस असे. वतन आणि जहागिरी यांचा इतिहास शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

1825 ते 1830 या काळात राजपुत्र दिपोनेगोरो याने डचांविरुद्ध मोठे युद्ध केले. ते तो हरला. त्यानंतर डच सरकारने जावाच्या इतर भागांत सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. क्लातेनसारख्या संस्थानी मुलखात मात्र वेगळा मार्ग होता. युरोपीय मळेवाले सरदारांकडून गावेच खंडाने घेत. जमिनीबरोबर कुळांची वेठही त्यांना मिळे. गावाचे शिवार दोन भागांत पाडले जाई. एका भागात मळेवाल्याचा ऊस किंवा तंबाखू, दुसऱ्या भागात कुळाचा भात, आणि पुढच्या पाळीला उलट. 1860 मध्ये क्लातेन जिल्ह्यात गोंदांग येथे साखर कारखाना उभा राहिला. 1872 च्या सुमारास समारांग बंदरापासून योग्यकार्तापर्यंत रेल्वे पोहोचली. साखर त्या वाटेने बंदराला जाऊ लागली आणि नफा समुद्रापार.

उसाला पाणी फार लागते. जावाच्या साखरपट्ट्यात पुष्कळ ठिकाणी असा नियम होता की, दिवसा पाटाचे पाणी उसाला आणि रात्री शेतकऱ्याच्या भाताला. दिवसभर मळ्यावर राबलेला माणूस रात्री कंदील घेऊन आपल्या खाचराला पाणी लावायला जाई. झरा गावचा, पण पाण्याची वेळ ठरविणारा परका. पोंगोकच्या पुढील कहाणीचे मर्म समजण्यासाठी हे एवढे वाक्य लक्षात ठेवावे.

1910 च्या दशकात सरदारांची ही जहागिरी पद्धत मोडली आणि क्लातेन भागात गावपंचायतीच्या धर्तीवर नवी गावे बांधली गेली. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत साखरेचा भाव कोसळला. जावातील पावणेदोनशेहून अधिक कारखान्यांपैकी काही वर्षांतच पन्नासाहून कमी चालू राहिले. 17 ऑगस्ट 1945 रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि 1949 च्या अखेरीस डचांनी सत्ता सोडली. पण गावातील जमिनीचा प्रश्न सुटला नाही. 1960 च्या जमीन कायद्यानंतर क्लातेनमध्ये जमिनीच्या वाटपावरून कडवे तंटे झाले, आणि 1965-66 च्या देशव्यापी कत्तलीची झळ या जिल्ह्यालाही फार लागली. त्यानंतर 1979 च्या कायद्याने देशभरची गावे एकाच साच्यात घातली. सरपंच वरच्या हुकमाचा ताबेदार झाला. 1998 मध्ये सुहार्तो पायउतार होईपर्यंत हे असेच चालले.

झरा तोच, कारभार नवा

पोंगोक या काळात गरीब गावांच्या यादीत मोडत असे. झऱ्याचे पाणी होते, पण त्यात लोक कपडे धूत, गुरे धूत, आणि उरलेले पाणी वाहून जाई. 2000 नंतर याच तालुक्यात बाटलीबंद पाण्याचा मोठा कारखाना आला. रोजगार आला, पण खालच्या शेतकऱ्यांनी पाणी घटल्याची तक्रारही केली. जुना प्रश्न नव्या वेशात पुन्हा उभा राहिला : पाणी गावचे, तर नफा कोणाचा?

2006 मध्ये जुनेदी मुल्योनो हे गावाचे प्रमुख म्हणून निवडून आले. त्याच वर्षी 27 मे रोजी झालेल्या भूकंपात योग्यकार्ता आणि क्लातेन परिसरात 5,700 हून अधिक माणसे दगावली होती. अशा काळात गावाने एक साधी गोष्ट केली. योग्यकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठाचे विद्यार्थी ग्रामसेवेच्या अभ्यासक्रमासाठी खेड्यांत येतात. त्यांच्या मदतीने गावाने आपली स्वतःची मोजणी केली : घरे किती, कर्ज किती, गावाच्या मालकीचे काय आहे आणि त्याचा उपयोग काय होतो. उत्तर डोळ्यांसमोर वाहत होते.

2009 च्या डिसेंबरात गावाने स्वतःच्या मालकीची व्यापारी संस्था काढली. नाव ठेवले 'तीर्ता मंदिरी', म्हणजे स्वावलंबी जल. उंबुल पोंगोक हे सुमारे 50 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद असे मोकळे कुंड आहे. तळाशी वाळू आणि खडे, पाणी आरशासारखे, आणि त्यात माशांचे थवे. संस्थेने ते स्वच्छ केले, कपडे बदलण्याच्या खोल्या बांधल्या, तिकीट लावले आणि पाण्याखाली छायाचित्र काढण्याची सोय केली. पाण्याखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणारी, मोटारसायकलवर बसलेली माणसे अशी छायाचित्रे देशभर गाजली. 2016 मध्ये संस्थेची उलाढाल दहा अब्ज रुपियांच्या पुढे गेली. त्या वेळच्या दराने आपल्याकडील सुमारे पाच कोटी रुपये. 2014 च्या नव्या ग्रामकायद्याने गावाच्या अशा संस्थांना भक्कम पाया दिला होता, आणि देशातील सुमारे 75,000 गावांपैकी कितीतरी गावांची शिष्टमंडळे पोंगोक पाहायला येऊ लागली.

पाहुण्यांसाठी आणि पैसा गुंतवू पाहणाऱ्यांसाठी

ज्याला हे गाव पाहायचे असेल त्याने योग्यकार्ता किंवा सुराकार्ता येथून क्लातेनला यावे. 2021 पासून या दोन शहरांमध्ये विजेवरची लोकलगाडी धावते आणि ती क्लातेनला थांबते. तेथून पुढे भातखाचरांमधला रस्ता. पावसाळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे आपल्या उलट. रमजानच्या आदल्या दिवसांत जावानीज लोक 'पादुसान' म्हणून झऱ्यांवर स्नानाला जातात. हा शरीर आणि मन स्वच्छ करून महिन्याचे स्वागत करण्याचा रिवाज. त्या वेळी क्लातेनच्या झऱ्यांवर इतकी गर्दी लोटते की पाणी दिसत नाही, माणसेच दिसतात.

पैसा गुंतवू पाहणाऱ्याने मात्र एक गोष्ट समजून यावे. या गावात भांडवलाला बंदी नाही, पण त्याला शिस्त आहे. इंडोनेशियाच्या 1960 च्या कायद्याप्रमाणे जमिनीची पूर्ण मालकी तेथील नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला मुदतीचे हक्क घ्यावे लागतात. गावाच्या खजिन्याची जमीन वेगळी असते आणि ती कोणाच्या मर्जीने विकता येत नाही. पोंगोकने आणखी एक पाऊल पुढे टाकले. संस्थेला भांडवल लागले तेव्हा बाहेरच्या धनिकाकडे जाण्याआधी गावातल्या कुटुंबांना भाग घेण्यास सांगितले, आणि एका कुटुंबाला सुमारे 50 लाख रुपियांची मर्यादा घातली. म्हणजे आपले 25,000 रुपयांच्या आसपास. चार श्रीमंतांनी सारा झरा विकत घेऊ नये, हा त्यामागील हेतू. आपल्याकडील सहकारी चळवळीत वाढलेल्या माणसाला या मर्यादेचे मोल सांगायला नको.

एका घरात एक पदवीधर

शिक्षक म्हणून मला या गावाची सर्वांत भावलेली गोष्ट नफ्याच्या आकड्यात नाही, ती खर्चाच्या रकान्यात आहे. पैसा हाती आल्यावर गावाने ठरविले की, प्रत्येक घरात निदान एक पदवीधर असावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलासाठी दर घराला महिना 3 लाख रुपिया, म्हणजे सुमारे 1,500 रुपये, गावातर्फे देण्याची योजना सुरू झाली. रक्कम मोठी नाही. पण जेथे बापाची कमाई भाताच्या मळणीवर अवलंबून असते तेथे बसभाडे आणि वह्या-पुस्तकांचा खर्च हीच भिंत असते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. हुशार मुले फीअभावी नव्हे, तर भाड्याअभावी घरी बसलेली मी स्वतः पाहिली आहेत.

या योजनेत दान घेण्याचा कमीपणा नाही, हे विशेष. झरा सर्वांचा, म्हणून त्याच्या उत्पन्नातील वाटा हा मुलाचा हक्क. ज्या गावाच्या आजोबांना रात्री कंदील घेऊन आपलेच पाणी मिळवावे लागत होते, त्या गावाची नात त्याच पाण्याच्या पैशावर विद्यापीठात जाते. इतिहासाची पाने अशी उलटतात.

पण गोष्ट येथे संपवली तर ती अर्धी होईल. पाहुण्यांवर जगणारे गाव पाहुणे थांबले की थांबते. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे तेथील झऱ्यांचे दरवाजे बंद झाले आणि तिकिटाचा पैसा आटला. आसपासच्या गावांनीही आपापली कुंडे सजवली आहेत, म्हणजे पाहुणे वाटले जाणार. मेरापीच्या उतारावरील जंगल आणि मुरणारा पाऊस टिकला नाही, तर झराच कमी होईल. त्यावर एकट्या गावाची सत्ता नाही. आणि आणखी एक प्रश्न आहे. पदवी घेतलेला मुलगा गावात परतेल का? गावच्या पैशाने शिकून तो जकार्ताला गेला, तर गावाने काय मिळवले? मला वाटते, काही जातील आणि काही परततील. पण न शिकलेला मुलगाही गाव सोडतोच, फक्त मजूर म्हणून सोडतो. शिकलेला निदान आपल्या पसंतीने जाईल आणि हिशेब वाचता येणारा माणूस म्हणून परत येऊ शकेल. गावाच्या संस्थेला उद्या त्याचीच गरज पडणार आहे, कारण सामुदायिक पैसा बुडतो तो बहुधा हिशेब न वाचणाऱ्या लोकांच्या शांततेत.

त्या नववीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी ही हकीकत सांगितली आणि एक काम दिले. आपल्या गावात सर्वांच्या मालकीचे काय आहे त्याची यादी करून आण : विहीर, तळे, गायरान, वक्फची जागा, शाळेची इमारत. मग घरच्या वडीलधाऱ्यांना विचार की, पूर्वी त्याचा कारभार कोण पाहात असे आणि आज कोण पाहतो. त्याने आठ दिवसांनी दोन पाने भरून आणली. शेवटी लिहिले होते, "सर, आमच्या तळ्याचा हिशेब कोणालाच माहीत नाही."

मी त्या पानावर लाल शाईने काही लिहिले नाही. त्याच्या गावाचा इतिहास त्या एका ओळीपासून सुरू होत होता. पालक मित्रहो, ती ओळ आपल्या मुलांनी तुमच्यासमोर आणून ठेवली, तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि हिशेब मांडा.